मेंदूच्या देठातील पक्षाघात आणि शरीराचा तोल

(जागतिक पक्षाघात दिनाच्या निमित्ताने महापे औद्योगिक क्षेत्रातील कामगार व त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी रुग्णालयाच्या वतीने आयोजित केलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर. वक्ते रुग्णालयाचे मानद वैद्य आहेत.)



दरवर्षी २९ ऑक्टोबर हा दिवस जगभर पक्षाघात दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने विश्वस्तांनी मला पक्षाघातावर बोलावयास सांगितले. हा विषय मोठा आहे आणि त्यातील बराचसा भाग आपणा सर्वांना ठाऊक आहे. ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हटले की तोंड वाकडे झालेला, एक हात व एक पाय लुळा पडलेला माणूस आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. आज मी ज्या पक्षाघाताविषयी बोलणार आहे, त्यात यांपैकी काहीही घडत नाही. हातापायांत बळ असते, शुद्ध असते, बहुधा बोलताही येते. जातो तो फक्त तोल. आणि म्हणूनच हा पक्षाघात ओळखू येत नाही. तो कुटुंबाला ओळखू येत नाही, सोबत काम करणाऱ्यांना ओळखू येत नाही आणि पुष्कळदा डॉक्टरांनाही ओळखू येत नाही. हे शेवटचे वाक्य मी स्वानुभवावरून म्हणत आहे.

एक चूक

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या अलीकडे माझा लहानसा दवाखाना होता. रात्रपाळी सुटली की कामगार थेट तेथे येत. म्हणून मी तो सकाळी लवकर उघडीत असे. एके दिवशी साडेसातच्या सुमारास एका कारखान्यातील दोघा जणांनी आपल्या सहकाऱ्याला दोन्ही बाजूंनी धरून आणले. वय अठ्ठेचाळीस, कामाने फिटर. पहाटे पाचच्या सुमारास पान्याने नट आवळीत असता त्याला एकाएकी भोवळ आली, उलटी झाली आणि तो डावीकडे कोसळला. उठविले तर पुन्हा डावीकडेच गेला. पर्यवेक्षकाला वाटले, हा पिऊन आला आहे. त्याला विश्रांतीच्या खोलीत फळीवर निजवून ठेवण्यात आले. उतरेल म्हणून दोन तास वाट पाहिली. ती काही उतरली नाही, तेव्हा माझ्याकडे आणले.

मी त्याला तपासले. रक्तदाब वाढलेला होता. दोन्ही हातांनी त्याने माझी बोटे घट्ट धरून दाखविली, दोन्ही पाय उचलून दाखविले. तोंड सरळ होते. तो म्हणाला, “डॉक्टरसाहेब, हातपाय सगळे जागेवर आहेत, पण जमीनच जागेवर नाही.” हे वाक्य मी ऐकले, परंतु त्याचा अर्थ लावला नाही. रात्रीचे जागरण, रिकामे पोट, पित्त आणि मानेचे मणके झिजलेले असावेत, असे निदान मी मनाशी बांधले. उलटीचे व भोवळीचे इंजेक्शन दिले, गोळ्या लिहून दिल्या, मानेचा एक्स-रे काढून आणावयास सांगितले आणि घरी पाठविले. त्याला उभा करून चालवून पाहण्याचे मला सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याची पत्नी आली. पाणी पाजले की ते नाकातून परत येते, ठसका लागतो, आवाज घोगरा झाला आहे आणि उचकी काही केल्या थांबत नाही, असे तिने सांगितले. मग तिने मान खाली घालून जे सांगितले ते मी आजवर विसरलो नाही. ती म्हणाली, “साहेब, यांनी दारू घेतली नव्हती हो. कामावर सगळे तसंच म्हणतायत.” नवऱ्याच्या प्राणावर बेतले असता तिला आधी त्याच्या अब्रूची काळजी करावी लागत होती.

त्याला तातडीने मोठ्या रुग्णालयात हलविले. एमआरआय तपासणीत मेंदूच्या देठाच्या डाव्या बाजूस पक्षाघात झाल्याचे दिसले. सकाळी साडेसातला तो माझ्यासमोर होता, तेव्हा गुठळी विरघळविणाऱ्या औषधाची वेळ अद्याप टळलेली नव्हती. सुमारे दोन तास हाती होते. त्या औषधाने तो पूर्ण बरा झालाच असता असे मी म्हणणार नाही. परंतु ती संधी त्याला मिळावयास हवी होती. तिचा पहिला भाग कारखान्यात गेला आणि उरलेला माझ्या दवाखान्यात.

तोल राखणारी यंत्रणा

आपण उभे राहतो यात काही विशेष आहे असे आपल्याला वाटत नाही. वस्तुतः ते सतत चाललेले काम असते. तीन साक्षीदार मेंदूला क्षणोक्षणी वर्दी देत असतात. पहिला साक्षीदार डोळे. दुसरा अंतर्कर्ण, तेथील अर्धवर्तुळाकार नलिका डोके कोणत्या दिशेने वळले ते सांगतात. तिसरा साक्षीदार तळपाय, सांधे व स्नायू; जमीन कशी आहे आणि शरीराचा भार कोठे पडला आहे हे ते कळवितात. या तिघांची साक्ष जेथे एकत्र येते, ती जागा म्हणजे मेंदूचा देठ. मोठा मेंदू आणि पाठीचा कणा यांना जोडणारा हा भाग अंगठ्याएवढा जाड असतो. त्याच्या मागे लहान मेंदू असतो व तो हालचालींतील चूक दुरुस्त करीत असतो.

या अंगठ्याएवढ्या जागेत केवढी गर्दी आहे पाहा. श्वास, गिळणे, आवाज, डोळ्यांची हालचाल, चेहऱ्याची संवेदना आणि तोल या सर्वांची केंद्रे व तारा येथे दाटीवाटीने बसविलेल्या आहेत. त्यांना रक्त पुरविणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधील छिद्रांतून वर चढतात आणि कवटीत गेल्यावर एकत्र होतात. यांपैकी एखादी धमनी वा तिची शाखा बंद पडली तर वाटाण्याएवढा भागही निकामी झाला तरी पुरे. माणूस उभा राहू शकत नाही.

देठाच्या खालच्या भागाच्या बाजूस आघात झाला की एक विलक्षण चित्र दिसते. १८०८ मध्ये जिनिव्हा येथील गास्पार व्ह्यूसो या डॉक्टरांना स्वतःलाच हा आजार झाला आणि त्यांनी आपली लक्षणे बारकाईने नोंदवून ठेवली. पुढे १८९५ मध्ये आडोल्फ वालेनबर्ग या जर्मन वैद्याने अशाच एका रुग्णाचे वर्णन करून, मेंदूतील नेमकी कोणती जागा बाधित झाली असावी ते सांगितले. तो रुग्ण काही वर्षांनी मरण पावल्यावर शवविच्छेदनात त्यांचा तर्क खरा ठरला. त्या काळी एक्स-रेचाही शोध नुकताच लागत होता. केवळ रुग्णाचे म्हणणे नीट ऐकून आणि त्याला नीट तपासून हे निदान झाले, ही गोष्ट आम्हा डॉक्टरांनी विसरता कामा नये.

आमच्या फिटरच्या बाबतीत सर्व लक्षणे त्या वर्णनाबरहुकूम होती. आघात डावीकडे, म्हणून शरीर डावीकडे ओढले जाई. डावा हात बळकट होता, पण नेम चुकत असे. कपाच्या कानाशी बोट नेले की ते पलीकडे जाई. डावी पापणी किंचित मिटलेली होती. चेहऱ्याच्या डाव्या भागाला व उर्वरित अंगाच्या उजव्या भागाला ऊन-गार कळत नव्हते. उजव्या अंगावर पाणी पडल्याचे समजे, पण ते कढत आहे हे समजत नसे. अशा रुग्णाच्या आंघोळीचे पाणी घरातील दुसऱ्या कोणी तरी हात घालून पाहिले पाहिजे, अन्यथा कातडी भाजून निघते आणि त्याला पत्ताही लागत नाही.

साधी भोवळ आणि ही भोवळ

आपणास वाटेल, म्हणजे आता भोवळ आली की प्रत्येकाने घाबरून जावे काय? मुळीच नाही. भोवळीची बहुतेक कारणे निरुपद्रवी असतात. अंथरुणात कूस बदलताच खोली गरगरते आणि मिनिटाच्या आत थांबते, ही कानातील सूक्ष्म कण जागचे हलल्याची भोवळ होय. ती डोके विशिष्ट रीतीने फिरवून पुष्कळदा एकाच बैठकीत बरी करता येते. उपाशीपोटी वा उन्हात उभे राहून डोळ्यांपुढे अंधारी येते, तीही वेगळी.

धोक्याची भोवळ ओळखण्यासाठी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ती एकाएकी सुरू होते. ती थांबत नाही. आणि ती माणसाला आधाराशिवाय उभे राहू देत नाही, कित्येकदा बसूही देत नाही. हिच्या जोडीला एकाच्या दोन वस्तू दिसणे, बोलणे जड होणे, गिळताना ठसका लागणे, आवाज बसणे, चेहऱ्याचा अर्धा भाग बधिर होणे, मानेत वा डोक्याच्या मागे पूर्वी कधी न झालेली तीव्र वेदना, न थांबणारी उचकी यांपैकी एक जरी लक्षण असेल, तर तो पक्षाघात समजूनच धावपळ करावी. रक्तदाब, मधुमेह किंवा तंबाखूची सवय असलेल्या माणसाच्या बाबतीत तर केवळ पहिल्या तीन गोष्टीही पुरेशा मानाव्यात.

पक्षाघात ओळखण्यासाठी तोंड, हात, बोलणे आणि वेळ ही चार खुणांची यादी पुष्कळ वर्षे शिकविली गेली. तिच्यात हा पक्षाघात निसटतो असे दिसून आल्यावर, २०१७ च्या सुमारास, आरंभी आणखी दोन शब्द जोडण्याची सूचना पुढे आली. ते शब्द म्हणजे तोल आणि डोळे. मेंदूतील रक्तवाहिनी बंद पडून होणाऱ्या पक्षाघातांपैकी साधारण एक पंचमांश मेंदूच्या मागील भागात होतात, हे लक्षात घेता या दोन शब्दांचे मोल कळून येईल.

आणखी एक सावधगिरी. सीटी स्कॅन निर्दोष आला म्हणजे संकट टळले असे समजू नये. मेंदूतील रक्तस्राव त्यात चटकन दिसतो, पण देठातील ताजा, लहान आघात बहुधा दिसत नाही. एमआरआय अधिक सूक्ष्म आहे. तरीही पहिल्या एक-दोन दिवसांत तोही कधी कधी चकवतो. म्हणून डोळ्यांच्या हालचाली पाहण्याची एक साधी, खाटेपाशी करावयाची तपासणी २००९ पासून प्रचारात आली आहे. सराव असलेल्या डॉक्टरांच्या हाती ती अतिशय उपयोगी ठरते. आणि सर्वांत सोपी तपासणी तर कोणालाही करता येते: दोघांनी धरून रुग्णाला उभे करावे व तो आपल्या पायांवर राहतो का ते पाहावे.

कारखान्यात काय करावे

महापे आणि परिसरातील औद्योगिक पट्टा चोवीस तास जागा असतो. असा आघात रात्री दोन वाजताही होऊ शकतो आणि तेव्हा सोबत असतात ते केवळ पाळीतील सहकारी. त्यांच्यासाठी माझ्या चार विनंत्या आहेत.

पहिली, घड्याळ पाहा. माणूस शेवटचा ठीक केव्हा होता ती वेळ कागदावर लिहून त्याच्या खिशात ठेवा. गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मेंदूच्या देठाची मुख्य धमनी बंद पडली असेल तर नळी घालून गुठळी बाहेर काढण्याचा उपचार त्यानंतरही काही तास करता येतो, हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी दाखविले आहे. या दोन्ही उपचारांत डॉक्टरांचा पहिला प्रश्न वेळेचाच असतो.

दुसरी, तोंडावाटे काहीही देऊ नका. पाणी नाही, चहा नाही, लिंबू-सरबत नाही, गोळीही नाही. गिळण्याची क्रिया बिघडली असेल तर दिलेले पाणी फुप्फुसात जाते. घरगुती समजुतीने ॲस्पिरिन देणेही धोक्याचे, कारण रक्तस्राव आहे की गुठळी हे स्कॅनशिवाय कळत नाही. उलटी होत असेल तर कुशीवर निजवा.

तिसरी, १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून सुरू आहे. जेथे स्कॅन आणि मेंदूविकारतज्ज्ञ दोन्ही उपलब्ध आहेत, अशाच रुग्णालयात रुग्णाला न्या. वाटेत माझ्यासारख्यांच्या दवाखान्यात थांबू नका.

चौथी विनंती मनाची आहे. झोकांड्या खाणारा माणूस प्यालेला आहे असे ठरविण्याची घाई करू नका. तो खरोखर प्यालेला असला तरी रुग्णालयात नेल्याने काही बिघडत नाही. मद्यपीलाही पक्षाघात होतोच. उलट, न प्यालेल्या माणसाला ‘उतरेल’ म्हणून निजवून ठेवले तर त्याचे उभे आयुष्य उताराला लागते.

तोल पुन्हा शिकता येतो

आता आशेची बाजू. या प्रकारच्या पक्षाघातातील पहिले दिवस जपून काढावे लागतात, कारण गिळताना अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. म्हणून गिळण्याची तपासणी होईपर्यंत नाकातील नळीवाटे अन्न देतात. ते दिवस निभावले की यांतील बहुसंख्य रुग्ण पुन्हा चालू लागतात. मात्र तोल आपोआप परत येत नाही. तो शिकावा लागतो. मूल चालावयास शिकते तसा, फरक इतकाच की मुलाला पडण्याची भीती नसते आणि प्रौढाला असते.

येथे कुटुंबीयांकडून एक प्रेमळ चूक होते. रुग्णाला गरगरते म्हणून त्याला पडूनच राहू देतात आणि भोवळीच्या गोळ्या महिनोन्‌महिने चालू ठेवतात. या गोळ्या पहिले काही दिवस ठीक. पुढे त्या मेंदूला गुंगवितात आणि नवी घडी बसू देत नाहीत. कान, डोळे व पाय यांच्या साक्षींची फेरजुळणी हालचालीतूनच होते. १९४० च्या दशकात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी या दोघा डॉक्टरांनी नेमके हेच ओळखून, भोवळीच्या रुग्णांना डोळे, मान व शरीर यांचे क्रमाक्रमाने वाढत जाणारे व्यायाम द्यावयास आरंभ केला. ज्या हालचालीने गरगरते तीच हालचाल सोसेल इतपत पुनःपुन्हा करावयाची, हे त्यामागील सूत्र आजही कायम आहे.

आमच्या फिटरचे उदाहरण पुन्हा घेतो. त्याला सरळ उभे केले तरी आपण उजवीकडे कललो आहोत असे वाटे आणि सरळ होण्याच्या प्रयत्नात तो डावीकडे जाई. म्हणजे सरळ म्हणजे काय, हेच त्याचा मेंदू चुकीचे सांगत होता. भौतिकोपचार तज्ज्ञ भगिनींनी त्याला भिंतीच्या कोपऱ्यात उभे केले, पुढ्यात खुर्ची ठेवली आणि समोर आरसा लावला. आठवडाभराने तो म्हणाला, “बाई, आरशात मी मलाच बघतो, आणि मीच वाकडा आहे. आमच्याकडे यंत्र सरळ बसवायचं तर ओळंबा लावतात.” त्याच्या पत्नीने घरी दाराच्या चौकटीला दोरी बांधून खाली वजन अडकविले. त्या दोरीच्या रेषेत नाक, बेंबी आणि पायांमधील जागा आणण्याचा सराव तो दिवसातून चार वेळा करू लागला. प्रथम पाय फाकवून, मग जुळवून, मग घडी घातलेल्या गादीवर उभे राहून. डोळे मिटून उभे राहणे सर्वांत शेवटी आणि तेही पत्नीचा हात पाठीशी असतानाच. अंगठा डोळ्यांसमोर धरून त्यावरून नजर न ढळविता मान डावी-उजवीकडे फिरविणे, हाही रोजचा व्यायाम होता.

यासाठी मोठी साधने लागत नाहीत, हे मला यातून शिकता आले. पाटावर बसून उठणे, वाकून चपला उचलणे, जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी चढणे, फरशीच्या सांध्यावरून चालणे, हे सर्व आपल्या घरातीलच व्यायाम आहेत. पथ्ये थोडीच, पण कडक आहेत. रात्री न्हाणीघराकडे जाणाऱ्या वाटेवर दिवा हवा, कारण अंधारात डोळ्यांची साक्ष नाहीशी होते. न्हाणीघरात भिंतीला पक्का दांडा हवा आणि बसून आंघोळ हवी. काठी घेण्यात कमीपणा मानू नये. शिडी, उंचावरचे काम, चालते यंत्र आणि दुचाकी यांना डॉक्टरांनी सांगेपर्यंत हात लावू नये.

आठ महिन्यांनी तो कामावर परत गेला. यंत्रावर नव्हे, भांडारात. तेवढे मालकांनी समजुतीने केले. ऊन-गार अद्याप त्याला नीट कळत नाही आणि थकल्यावर पाऊल डावीकडे जाते. परंतु तो चालत जातो आणि चालत येतो.

न होऊ देणे अधिक सोपे

पक्षाघाताचे सर्वांत मोठे कारण वाढलेला रक्तदाब हे आहे आणि तो दुखत नाही हीच त्याची खरी अडचण आहे. फिरत्या पाळीत गोळी चुकते. म्हणून ती घड्याळाशी न बांधता रोजच्या एखाद्या न चुकणाऱ्या कामाशी बांधावी. मधुमेह ताब्यात ठेवावा. बिडी-सिगारेट आणि तंबाखू, मग ती मळून खाल्लेली असो की मिश्रीची, सोडावी. आणि तरुणांसाठी एक विशेष सूचना. डोक्याच्या मालिशनंतर न्हाव्याकडून मानेला झटका देऊन ‘कट्’ असा आवाज काढून घेण्याची हौस पुष्कळांना असते. मानेतील ज्या धमन्यांचे वर्णन मी केले, त्यांचे आतील अस्तर अशा झटक्याने फाटू शकते आणि ऐन तारुण्यात हाच पक्षाघात होऊ शकतो. असे क्वचितच घडते. परंतु ज्याच्यावाचून काही अडत नाही, त्यासाठी एवढा धोका का पत्करावा?

उपचार खर्चाचे आहेत याची मला जाणीव आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये निश्चित केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांतील १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवलेल्या असतात. ही कोणाची मेहेरबानी नाही, आपला हक्क आहे. पैशांची जुळवाजुळव करण्यात पहिले साडेचार तास घालवू नका. आधी रुग्णाला आणा आणि मग समाजसेवा अधीक्षकांना भेटा.

शेवटी एवढेच सांगतो. त्या दिवसापासून भोवळ आलेल्या एकाही रुग्णाला मी उभे करून, चार पावले चालवून पाहिल्याशिवाय घरी पाठविलेले नाही. या कामाला अर्धे मिनिट लागते. तो फिटर आजही अधूनमधून भेटावयास येतो. मी त्याची क्षमा मागितली तेव्हा तो म्हणाला, “जाऊ द्या डॉक्टरसाहेब, पुढच्याला नीट बघा.” आज आपल्यासमोर उभे राहून मी त्याच्याच सांगण्याची तामिली करीत आहे. आपणही आपल्या पाळीतील सोबत्याला नीट पाहावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.